एर्विन मिकुलेंकानं घरचा वॉल्ट्झ का वाजवला नाही

एर्विन मिकुलेंकाचे पुढचे चार दात खोटे होते, उजव्या कानाची पाळी अर्धीच उरली होती आणि थंडीत डावा खांदा वर उचलला जात नसे. हे सगळं त्यानं नाचाच्या हॉलमध्ये बसल्या जागी कमावलं. त्याचा थोरला भाऊ जर्मनीपर्यंत लढून आला, तर अंगावर ओरखडा नाही. आणि हा पठ्ठ्या घरापासून वीस मैलांच्या आत राहून, गाणी वाजवून असा मोडका. भाऊ चिडवायचा, पुढच्या लढाईला तू जा रे, तिथं तरी जरा आराम मिळेल तुला.

आमचा लवाका नदीकाठचा मुलूख तसाच आहे. टेक्सासचा हा कोपरा चेक आणि जर्मन शेतकऱ्यांनी वसवला. त्यांनी आधी चर्च बांधलं आणि लगोलग शेजारी नाचाचा हॉल. लाकडी, गोल घेराचा, काठीनं वर टेकवायच्या झडपांचा. जमिनीवर मक्याचं पीठ भुरभुरवायचं, म्हणजे बूट छान सरकतात. रविवारी सकाळी प्रार्थना, दुपारी फिडल आणि स्टील गिटार, आणि मध्येच कधीतरी खुर्च्या उडायला लागायच्या. कुणी कुणाच्या हॅटला हात लावला, कुणी नाचाच्या रिंगणात उलट्या दिशेनं फिरला, एवढं कारण पुरे. एखाद्या रविवारी भांडण झालं नाही तर घरी राहिलेल्या बायका सोमवारी विचारायच्या, का हो, नाच रद्द झाला होता का?

आता मारामारी सुरू झाली की फिडलवाला फिडल काखोटीला मारतो आणि पडद्यामागे सटकतो. अकॉर्डियनवाला तर अंगावरच बांधून असतो. स्टील गिटारवाल्याचं तसं नाही. त्याचं वाद्य चार पायांवर टेबलासारखं आडवं उभं असतं. खाली पावलांसाठी पेडलं, गुडघ्यांच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या, आणि त्या सगळ्यात माणूस खुर्चीवर अडकवून बसवलेला. उठायचं म्हटलं तरी दोन मिनिटं लागतात, आणि वाद्य मोडून पेटीत भरायला वीस. एवढ्या वेळात चार दात सहज जातात. एर्विनचे गेले ते असेच, एकोणीसशे एकोणपन्नासच्या ईस्टरला, बिअरच्या बाटलीनं. त्यानं रक्त थुंकलं आणि गाणं पुरं केलं, कारण लाडी यानाकच्या बँडचा नियमच तो होता. काहीही होवो, वाजवायचं थांबायचं नाही.

हा नियम एर्विनच्या अंगात आधीपासूनच भिनलेला होता. त्याचा बाप कापसाची शेती करायचा आणि रोज नाही तरी आठवड्यातून दोनदा बायकोला झोडपायचा. बाप पट्टा काढायला लागला की आई पोराला म्हणायची, एर्विन, रेडिओ मोठा कर. शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. पोरगं रेडिओला कान लावून बसायचं आणि मागं काय चाललंय ते ऐकायचं नाही. स्टील गिटारचा लांब, रडका सूर त्यानं पहिल्यांदा ऐकला तो असा. पुढं सगळे त्याच्या सुरांचं कौतुक करायचे, की एर्विनच्या हाताखाली तार माणसासारखी बोलते. तो स्वतः मात्र घरातल्या गोष्टींबद्दल कधी तोंड उघडायचा नाही. आमच्याकडे कुणीच उघडत नाही. गाईला वासरू झालं तर गावभर सांगतील, पण घरात कुणाचा हात मोडला तर म्हणतील पायरीवरून पडली.

लाडी यानाक हा बँडचा म्होरक्या, एर्विनपेक्षा आठ वर्षांनी मोठा. फिडल वाजवायचा, गायचा आणि माणसं ओळखायचा. घरच्या वॉल्ट्झचा उपयोग त्यानंच शोधून काढला. आमच्याकडे नाचाचं शेवटचं गाणं ठरलेलं असतं, त्याला घरचा वॉल्ट्झ म्हणतात. दिवसभर नवरे बाहेर झाडाखाली डॉमिनो खेळत आणि बिअर ढोसत बसले तरी कुणी हरकत घेत नाही, पण घरच्या वॉल्ट्झची पहिली ओळ कानावर पडली की पत्ते असोत, डॉमिनो असोत, टाकून आत यायचं आणि आपल्या बायकोबरोबर नाचायचं. जो येणार नाही त्याची पुढं वर्षभर चेष्टा. लाडीनं काय केलं, तर हॉलमध्ये मारामारी हाताबाहेर जायला लागली की अवेळीच घरचा वॉल्ट्झ सुरू करायचा. बायका लगेच उठायच्या, गुद्दागुद्दीत घुसायच्या आणि आपापला नवरा कॉलरला धरून ओढून काढायच्या. तीन मिनिटांत हॉल शांत. खूण अशी होती, की लाडी फिडलचा गज हॅटच्या कडेला लावणार आणि पहिल्या आठ मात्रा एर्विन एकटा वाजवणार. पंचवीस वर्षांत ही खूण एकदाही वाया गेली नव्हती.

एर्विन आणि आग्नेस यांना एकच मुलगी, डोरीन. हसरी, मोठ्यानं बोलणारी, बापाचे दात कसे पडले ते नक्कल करून सांगणारी. बावीस वर्षांची असताना तिनं तेलाच्या विहिरीवरच्या क्लेटन रेडिकशी लग्न केलं. क्लेटन दिसायला देखणा, बोलायला मऊ. लग्नाला चार महिने होतात न होतात तोच डोरीनचा डोळा काळानिळा. म्हणाली, दार लागलं. मग ओठ फाटला. मग हात प्लास्टरमध्ये, आणि पायरीवरून पडले म्हणाली. एर्विन बघायचा आणि मान खाली घालायचा. एकदा मात्र राहवलं नाही, तेव्हा गाडीतला लोखंडी पाना घेऊन जावयाच्या घरी गेला. क्लेटननं त्याला खुर्ची दिली, थंड बिअर दिली, पाना हातातून अलगद काढून टेबलावर ठेवला आणि हवापाण्याच्या गप्पा मारल्या. एर्विन मुकाट परत आला. तिसऱ्या दिवशी डोरीन भेटली तेव्हा तिला नीट श्वास घेता येत नव्हता. दोन बरगड्या.

"डॅडी, परत येऊ नका," ती म्हणाली. "तुम्ही येता, तुम्ही जाता, आणि मागं मलाच निस्तरावं लागतं."

शेरीफच्या माणसानं सांगितलं, नवराबायकोच्या भानगडीत आम्ही पडत नाही. फादरनी सांगितलं, प्रार्थना करा. आणि क्लेटननं डोरीनला सांगून ठेवलं होतं, की सोडून जायचा विचार जरी केलास तर रस्त्यात गाठून मारीन. तो उगाच बोलणाऱ्यातला नव्हता. त्याचा ट्रक सगळ्या जिल्ह्यात वेगवान होता आणि सीटमागं बंदूक असायची. गाडीच्या किल्ल्या तो स्वतःच्या खिशात ठेवायचा, दुकानात जायचं तरी बरोबर जायचा. फक्त नाचाच्या दिवशी त्याची नजर हटायची. तो झाडाखाली डॉमिनोला बसायचा आणि कान हॉलकडे ठेवायचा. गाणी चालू आहेत म्हणजे बायको आत आहे. घरचा वॉल्ट्झ लागला की आत जाऊन तिला ताब्यात घ्यायचं.

बेत आग्नेसनं आखला. एकोणीसशे चौऱ्याहत्तरचा जून, व्रानोव हॉलवर अग्निशमन दलाचा वार्षिक मेळा. दुपारी एक ते सहा नाच. चार वाजता आग्नेसची बहीण व्लास्ता ह्यूस्टनहून गाडी घेऊन स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी येणार, डोरीन एप्रन घालून बटाटे सोलायला म्हणून आत जाणार आणि तशीच गाडीत बसणार. हमरस्त्याला लागायला एकच रस्ता, तीस मैलांचा. सहापर्यंत घरचा वॉल्ट्झ लागला नाही तर ती ह्यूस्टनमध्ये पोचलेली असेल. पुढं ओक्लाहोमात व्लास्ताची एक मैत्रीण होती, तिचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. एर्विनचं काम एवढंच, वाजवत राहायचं. हे त्यानं बँडमध्ये कुणाला सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे आधी हे सांगावं लागणार, की माझ्या मुलीला तिचा नवरा मारतो आणि मी दोन वर्षं बघत बसलोय. ते त्याच्या तोंडातून निघेना.

मेळा नेहमीसारखा भरला. सकाळी दोन गावच्या अग्निशमन दलांची पाण्याच्या नळीची शर्यत झाली. तीत व्रानोववाले जिंकले आणि क्रासनावाल्यांनी पंच आंधळा आहे म्हणून आरडाओरडा केला. मग भाजलेलं मांस, सॉसेज, बटाट्याचं सॅलड, जर्दाळू भरलेले गोड पाव, म्हणजे कोलाचे. चारला एर्विनची नजर स्वयंपाकघराच्या खिडकीवर गेली. गाडी आली की आग्नेस तिथं लाल फडकं वाळत घालणार होती. फडकं नाही. सव्वाचार, साडेचार, तरी नाही. त्याच्या हाताला घाम सुटला. तारेवर सरकवायचा पोलादी रूळ, चांगला पावशेर वजनाचा, बोटांतून निसटायला लागला. चार पस्तीसला फडकं दिसलं. व्लास्ताचं टायर वाटेत बसलं होतं, हे नंतर कळलं.

आणि चार पंचेचाळीसला क्रासनाचा एक गडी, पोटात दहा-बारा बिअर गेलेला, मुद्दाम रिंगणात उलटा नाचायला लागला. पहिल्या फेरीत लोकांनी चुकवलं. दुसऱ्या फेरीत तो व्रानोव दलाच्या प्रमुखाच्या बायकोवर आदळला आणि ती पडली. प्रमुखानं त्याच्या नाकावर अशी एक ठेवून दिली की नाकाचा आवाज स्टेजवर ऐकू आला. झालं. सकाळची शर्यत तिथंच पुन्हा सुरू झाली. वीस माणसं भिडली, मग चाळीस. बाकं उचलली गेली. कुणाचं तरी डोकं खांबावर आपटलं आणि पांढऱ्या पिठात लाल ठिपके पडले. एकजण जमिनीवर पडला होता, त्याच्या हातावर बूट ठेवून दुसरा तिसऱ्याला बुकलत होता. बाहेर डॉमिनोवाले जागचे हलले नाहीत. मारामारीसाठी डाव सोडून उठणारा माणूस आमच्याकडे हलका समजतात.

लाडीनं गज हॅटला लावला.

एर्विननं बारच्या वरचं घड्याळ बघितलं. पोरगी निघून दहा-बारा मिनिटं झाली होती, म्हणजे आठ-नऊ मैल. क्लेटननं ट्रक काढला तर हमरस्त्याच्या आत गाठलं तिला. त्याचे हात तारांवर आले आणि त्यांनी पोल्का सुरू केला. जलद, उड्या मारणारा, लग्नात वाजवतात तसा. ढोलवाला सवयीनं मागं आला. लाडीला वाटलं याला खूण दिसली नाही. त्यानं पुन्हा गज हॅटला लावला. एर्विननं खाली मान घालून पोल्का आणखी जोरात केला. पोल्क्यानं मारामारीला ऊत आला. ताल मिळाल्यावर माणसं तालात मारायला लागतात, हे मी पाहिलंय, हसू नका. एका म्हाताऱ्याच्या तोंडावर खुर्चीचा पाय बसला आणि जबडा सरकला. बायका भिंतीला चिकटून स्टेजकडे बघत होत्या, घरचा कधी लागतोय याची वाट बघत. वॉल्ट्झ लागल्याशिवाय मध्ये पडायचं नाही, हीच त्यांना सवय.

शेवटी लाडी हॉलकडे पाठ करून एर्विनवर वाकला.

"एर्व्या, बहिरा झालास का? घरचा वाजव."

"नाही वाजवणार."

"माणूस मरेल रे एखादा."

"मरू दे," एर्विन म्हणाला आणि पेडल दाबलं.

लाडी पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मारामारीकडे पाठ करून उभा होता. आपला माणूस असं का बोलतोय हे त्याला कळेना, म्हणून तो तसाच त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. मग तो वळला आणि त्याच क्षणी फुटक्या बाटलीचा तुकडा त्याच्या उजव्या डोळ्यात बसला. कुणी फेकला ते आजतागायत कळलेलं नाही. लाडी गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड धरलं. बोटांमधून रक्त आलं ते सरळ स्टीलच्या तारांवर. ढोलवाल्यानं काठ्या टाकल्या, अकॉर्डियनवाल्यानं पट्टे सोडले, आणि दोघांनी लाडीला उचलून मागच्या दारानं नेलं.

एर्विन एकटा राहिला. रक्तानं तारा बुळबुळीत झाल्या होत्या, रूळ घसरत होता, सूर इकडेतिकडे जात होते. तरी तो वाजवत राहिला. त्याला उठून लाडीमागे धावायचं होतं. गाणं थांबलं तर झाडाखालचे कान टवकारतील, एवढंच डोक्यात होतं. पाच वाजले, पाच दहा झाले. मारणारे दमले, कुणी बसले, कुणी तोंडातलं रक्त पुसायला लागले, आणि सगळे या येड्या माणसाकडे बघायला लागले. चाळीस रक्तबंबाळ माणसं उभी आणि एकजण एकटाच लग्नाचा पोल्का वाजवतोय.

हेच नडलं. ढोल नाही, फिडल नाही, नुसती स्टील इतका वेळ का चाललीय, असं क्लेटनला वाटलं असणार. पाच वीसला तो दारात आला. त्यानं भिंतीलगतच्या बायका एकेक करून पाहिल्या. स्वयंपाकघरात जाऊन आला. मग हॉल ओलांडून, पडलेल्या बाकांवरून सावकाश पाय टाकत स्टेजवर चढला. एर्विनचे गुडघे पट्ट्यांत, पावलं पेडलांवर.

"डोरीन कुठाय?"

एर्विननं घड्याळ बघितलं, पोरगी आता हमरस्त्याला लागली असणार, आणि वाजवणं थांबवलं. "गेली."

"कुठं?"

"तुझ्या हाताला लागणार नाही तिथं."

क्लेटन हसला. त्यानं एर्विनच्या हातातून पोलादी रूळ काढून घेतला, तसाच अलगद, पाना काढून घेतला होता तसा. दुसऱ्या हातानं एर्विनचं मनगट तारांवर दाबून धरलं आणि रूळ मुठीत धरून बोटांवर हाणला. पाच वेळा. बोटं मोडल्याचा आवाज वाद्याला जोडलेल्या कर्ण्यातून चौपट मोठा होऊन अख्ख्या हॉलभर गेला, कारण वाद्य चालूच होतं.

आणि तेव्हा हॉल उठला. व्रानोवचे, क्रासनाचे, नाक फुटलेले, ओठ फाटलेले, सगळे. आत्तापर्यंत एकमेकांचे गळे धरणारे हे लोक खांद्याला खांदा लावून स्टेजवर चढले आणि क्लेटन रेडिकला खाली ओढलं. त्याच्या खांद्याजवळची हासळी मोडली, दोन्ही हात मोडले, तोंड ओळखू येईना. दलाच्या प्रमुखाची बायको लंगडत आली आणि तिनंही दोन लाथा घातल्या. स्टीलवाल्याच्या बोटांना हात लावतो, असं म्हणत होते सगळे. मला आजही या गोष्टीचा संताप येतो. दोन वर्षं त्या पोरीचे डोळे, ओठ, हात याच हॉलमध्ये, याच लोकांसमोर काळेनिळे होऊन नाचत होते, तेव्हा यातला एकही जण बाक सोडून उठला नव्हता. बोटांसाठी चाळीस जण उठले.

इस्पितळात एर्विन आणि लाडी यांच्या खाटा शेजारीशेजारी होत्या. लाडीचा डोळा गेला होता. एर्विनच्या तीन बोटांची हाडं जुळणार नव्हती, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, वाद्य विकून टाका. दोन दिवस लाडी दुसऱ्या कुशीवर पडून होता. तिसऱ्या दिवशी नर्स लांब वायरचा फोन ओढत घेऊन आली. डोरीन होती. पोचले म्हणाली, मावशीच्या मैत्रिणीकडे आहे, खोलीला आतून कडी आहे. बोलताना दोनदा रडली. मग विचारलं, "डॅडी, माझ्यापायी तिकडं कुणाला काही झालं नाही ना?"

एर्विननं बाजूच्या खाटेवरच्या पट्ट्यांकडे पाहिलं.

"नाही ग. कुणाला काही नाही. मस्त नाच झाला."

फोन ठेवला. मग लाडी छताकडे बघत म्हणाला, "डोरीन होती का?"

"हो."

"सुटली?"

"सुटली." आणि मग एर्विननं सगळं सांगितलं. लाल फडकं, तीस मैल, झाडाखालचा माणूस. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं घरातली गोष्ट घराबाहेर सांगितली, आणि सांगताना त्याचा आवाज पोरासारखा बारीक झाला होता.

"मला सांगायचं होतंस," लाडी शेवटी म्हणाला. "मी दुसऱ्या दिवसापर्यंत वाजवलं असतं. ढोल, फिडल, सगळं. त्याला बाहेर संशयही आला नसता."

"कसं सांगू, लाडी? तुला म्हणू, की माझी मुलगी मार खाते?"

"ते काय मला ठाऊक नव्हतं? अख्ख्या हॉलला ठाऊक होतं, एर्व्या. पहिल्या डोळ्यापासून."

एर्विन उठून बसला. त्याला वाटलं या म्हाताऱ्याचा दुसरा डोळा आपल्याच हातानं फोडावा. "मग तू का नाही बोललास?" तो ओरडला. "दोन वर्षं माझ्या शेजारी बसून वाजवत होतास. का नाही बोललास?"

"तू तिचा बाप," लाडी म्हणाला. "रोज तुझ्या तोंडाकडे बघायचो. तूच काही बोलत नव्हतास, मग मी म्हटलं, असेल त्याला चालत."

नर्सनं आत येऊन दोघांना दटावलं, की आवाज बाहेरपर्यंत येतोय, शेजारच्या खोलीत माणसं आहेत. एर्विन म्हणाला, येऊ दे. आणि तो आणखी मोठ्यानं रडायला लागला.